माणूस, मादी, पिल्लासह

साऱ्या सिंदेवाही तालुक्यात आमच्या काकाजीच्या नोंदीतून सुटलेला जीव एकबी नसन. काकाजी म्हनजे माह्ये चुलत सासरे, शेजारीच एकटे राह्यते. गावची जैवविविधतेची वही त्याईच्याकडं हाय, मुंगी दिसली का लिवते, दारात सरडा आला तं पाव्हना आल्यासारखं नाव-गाव इचारते. माह्या लग्नात भटजीले थांबवलं, काऊन तं नवऱ्याच्या बाशिंगावर नाकतोडा बसला होता. "हालू नको बापू, फोटो काढून राह्यलो." मी हार धरून उभी.

जंगलात झाडाले कॅमेरे बांधले हायेत, त्यातले फोटो पाहून काकाजी मोबाईलले जोरानं सांगते अन मोबाईल लिवते. ते यादी सारी दुनिया पाहू शकते म्हने. बारीक अक्षर त्याईले दिसत नाई, म्हनून मलेच वाचून दाखवा लागते, मी सातवी शिकलेली.

त्या दिवशी वाचलं, "माणूस, मादी, पिल्लासह. मोहाची वाट, पहाटे पाच दहा." फोटोत मीच, डोक्यावर मोहफुलं वेचाची टोपली, कडेवर छकुली.

"काकाजी, मले जनावरात टाकलं?"

"माणूस बी जीवच हाय ना, बाई."

मी हासतच खालची ओळ वाचली. "वाघ, मादी, पिल्लासह. मोहाची वाट, पहाटे पाच एकवीस." तोच दगड, तेच झाड. मी अंगनातच बसली, छकुलीले इतकं दाबलं का ते रडाले लागली.

"मस्त आली ना वाघीन," काकाजी म्हनले, अन मंग माह्याकडं पाह्यलं, अन मोबाईल माह्या हातून घेऊन बंद केला.

मोह नाई वेचला तं वर्षाचं मीठ-तेल कुठून आनाव? छकुलीले ठेवाव तं घरी कोनी नाई. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत घेऊन निघाली, तं फाटकाशी काकाजी, हातात रिकामा डबा अन काडी.

"कुठी, काकाजी?"

"फुलपाखरं पाहाले."

"एवढ्या अंधारात?"

"झोपलेली पाहतो."

अन डबा बडवत पुढं चालले. रोज. झोपलेलं एकबी फुलपाखरू जागं झाल्याबिगर राह्यलं नसन.

काल नवी यादी वाचाले बसली. "माणूस, नर, एकटा. पहाटे पाच सात." त्याच्या खाली मी अन छकुली, पाच आठ. खाली वाघीन नाई. काकी जाऊन लय वर्स झाले, पोरबाळ नाई त्याईले. 'एकटा' माह्या तोंडून निंगालंच नाई.

"थांबली काऊन, बाई?"

"काई नाई, बराबर हाय," म्हनलं, अन अंगठ्यानं ते खोडून 'पिल्लासह' लिवलं. काकाजीनं यादी पाठवून देली. आता दुनियेले तसंच दिसन. त्याईले अजून माहीत नाई.