आतली शिवण

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे भिंगरी म्हणायचे. सासरी, माहेरी, गाद्यांच्या कारखान्यातसुद्धा. बूड टेकून बसलेली ती मी पाहिलीच नाही. चहादेखील उभ्यानं प्यायची. "बस की गं जरा, खुर्ची चावते का तुला?" असं मी म्हटलं की म्हणायची, "बसलं की उरलेली कामं दिसायला लागतात."

कारखान्यात ती गाद्यांच्या कडा शिवायची. गादी मशीनवर ओढायची, फिरवायची, भिंतीला टेकवायची, की पुढची. अंगावरून फार जायला लागलं तेव्हाही हेच. डाग दिसू नयेत म्हणून काळे कपडे घालून जायची. शेवटी मशीनपाशीच चक्कर येऊन पडली, तेव्हा मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. गर्भपिशवीत गाठी होत्या. पिशवी काढायचं ठरलं, आणि तीही रोबोटनं.

डॉक्टरीणबाईंनी तिला, भावजींना आणि मला समोर बसवून समजावलं. पोटावर चार बारीक भोकं पाडायची, त्यातून रोबोटचे हात आत जाणार आणि बाई बाजूला बसून, पडद्यात बघून ते हात चालवणार. "पण बाहेरून छोटं दिसलं तरी आतलं ऑपरेशन मोठंच आहे," त्या म्हणाल्या. "पिशवी जिथून कापतो तिथे, योनीमार्गाच्या वरच्या टोकाला, शिवण घालावी लागते. ती पक्की व्हायला दोन महिने जातात. तोवर वजन उचलायचं नाही. आणि नवऱ्यानं जवळ जायचं नाही." भावजी मान खाली घालून चपलेकडे बघत होते. ऐकलं किती, देव जाणे.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी ही बया स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आली, आणि तिथेच घात झाला.

त्या घरात आजारपण टाक्यांवर मोजतात. सासूबाईंची पिशवी काढली होती ती पोट फाडून. कित्येक महिने त्यांनी पलंगाखाली पाय ठेवला नव्हता, आणि त्यांचं सगळं भिंगरीनंच केलं होतं. त्यांनी चष्मा लावून सुनेच्या पोटावरच्या चार पट्ट्या पाहिल्या.

"एवढंच? हे तर डास चावल्यासारखं दिसतंय!"

"आणि डॉक्टरीणबाईंनी हातसुद्धा लावला नाही," भावजी म्हणाले. "लांब बसल्या होत्या म्हणे."

सगळे हसले. भिंगरीही हसली. माझं डोकंच फिरलं. तिला आत नेऊन म्हटलं, "हसतेस काय? शिवण ओली आहे आत!"

"दिसत नाही ना गं कुणाला," ती म्हणाली. "न दिसणारं दुखणं किती दिवस सांगत बसू?"

पट्ट्या निघाल्या तशी ती कामाला लागली. मी जाऊन भांडायचे, भरलेली बादली तिच्या हातातून हिसकावून घ्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "बहिणीनंच लाडावून ठेवलीय." महिना भरायच्या आत भावजींनी कारखान्याच्या मालकाला परस्पर कळवून टाकलं, ठणठणीत आहे, सोमवारपासून येते.

मालकानं बसून करायचं काम दिलं, त्याला बोल लावणार नाही मी. पण शेजारच्या टेबलावरून मोठी गादी घसरायला लागली आणि ही सवयीनं उठली. गुडघा खाली लावून तिनं ती उचलून धरली. अगं, गादीच ती, पडू द्यायची होतीस! पण तिच्या हातून कधी काही पडू दिलं गेलं नाही.

कारखान्याच्या मोरीतून तिचा मला फोन आला. आवाज अगदी बारीक. "लवकर ये. खालून काहीतरी बाहेर आलंय. हातानं धरून बसलेय."

आतली शिवण उसवली होती. तिच्या हातात होतं ते तिचं आतडं.

डॉक्टरीणबाईंनी तातडीनं पोट उघडलं, बेंबीच्या वरपासून पार खालपर्यंत. काळा पडलेला आतड्याचा तुकडा काढून टाकला. पण विष अंगात भिनत चाललं होतं, औषधं लागू पडत नव्हती. फार आशा धरू नका, असं त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. भावजींना सांगायचं मी टाळलं, त्यांच्याशी बोलायचीच माझी इच्छा नव्हती.

नर्स जखमेची पट्टी बदलत होती तेवढ्यात भावजी आत आले. पट्टी बघून परत बाहेर जायला लागले तशी भिंगरी म्हणाली, "थांबा. बघा इकडे."

त्यांनी ते टाके पाहिले, वरपासून पार खालपर्यंत.

"पडून राहा तू आता," ते हुंदके देत म्हणाले. "वाटेल तितके दिवस पडून राहा. घरचं मी बघतो. आईलाही बजावतो. तुला कुण्णी उठवणार नाही."

"नक्की?"

"तुझी शपथ."

तिनं डोळे मिटले. भावजी तिच्या उशाशी बसून राहिले. कुणी मोठ्यानं बोललं की ओठांवर बोट ठेवायचे. संध्याकाळी तिच्या खाटेशेजारचं यंत्र ओरडायला लागलं, नर्स धावत आल्या, डॉक्टरीणबाई आल्या, आणि हा खुळा माणूस दोन्ही हात पसरून त्यांना अडवत म्हणत होता, "हळू, हळू. झोपलीय ती."