औजार हाय साहेब

माहा डावा हात कोपरातून सरळ होत नाई. तीन वर्षं झाली. ट्रकचा गिअर डाव्या हातानंच टाकावा लागते, म्हणून दर गिअरले कोपर ठणकते अन् दर गिअरले मी एका माणसाले शिवी देतो. राजूरहून कोळसा भरून चंद्रपूरकडं जाताना किती गिअर पडतात ते ड्रायव्हरलेच ठाऊक.

झालं असं. खाणीपुढं गाड्यांची लाइन होती, माहा नंबर चौथा. तो मागून आला अन् गाडी पुढं घुसवली. मी खाली उतरलो, म्हटलं, "काहून राजा, आम्ही काय सकाळपासून झक मारून राह्यलो इथं?" तोही खाली उतरला. सीटखालून टामी काढली अन् हाणली. टामी म्हंजे पान्यात घालून चाकाचे नट फिरवाची लोखंडी सळाख, चांगली हातभर. मी डोकं वाचवाले हात वर केला, म्हणून कोपरावर निभावलं. हाड मोडल्याचा आवाज मले माह्याच कानानं ऐकू आला.

ठाण्यावर दोघांलेही नेलं. साहेबानं त्याले विचारलं, "गाडीत हत्यार कायले ठेवतो रे?" तर हा बेटा हात जोडून म्हणते, "हत्यार नाई, औजार हाय साहेब. चाक खोलाले लागते." साहेबाले पटलं. पटणारच, टामीशिवाय ट्रक चालते का? मंग माह्या गाडीची झडती झाली, अन् सीटमागं आजाची कट्यार सापडली.

आम्ही तांड्यातले, नेरकडचे. आमचे पूर्वज बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरत. त्या फेरीले लदेणी म्हणत, अन् कंबरेले हत्यार लावल्याशिवाय कोणी लदेणीवर निघत नसे, असं आजा सांगे. तो गेल्यावर याडीनं, म्हंजे माह्या आईनं, त्याची कट्यार मले देल्ली. म्हणे, "तूही लदेणीवरच चालला, रिकामा जाऊ नको." मी त्या कट्यारीनं दोऱ्या अन् काकड्या कापल्या, दुसरं काही नाई. साहेबानं ती वीत लावून मोजली. एक वीत अन् वर चार बोटं. "हे हत्यार," म्हणे. मोडका हात गळ्यात बांधून मी उभा, अन् हत्याराची केस माह्यावर! चोर सोडून संन्याशाले फाशी. सुटून जाता जाता तो टामीवाला माह्याकडं पाहून हासला.

याडी दर दसऱ्याले विचारते, "कट्यार ठाण्यातून कधी सुटन रे?" पूजेच्या पाटावर तिची जागा ती मोकळी ठेवते.

प्लास्टर निघाल्याबरोबर मी वणीतून टामी आणली, दुकानातली सगळ्यात जड. ठरवलं होतं, ज्या दिवशी तो एकटा सापडन त्या दिवशी त्याचंही कोपर फोडाचं, डावंच, अन् ठाण्यावर हात जोडून म्हणाचं, "औजार हाय साहेब." चालत्या गाडीत मी हे पाठ करत जाओ.

यंदा वैशाखात सापडला. भर दुपारी, वणीच्या पुढं, ना झाड ना झुडूप अशा जागी. त्याच्या गाडीचं मागलं चाक बसलं होतं अन् तो रस्त्यात उभा राहून हात दाखवून राह्यला होता. देवा, तूच पावला, असं म्हणून मी ब्रेक दाबला.

"भाऊ, टामी हाय का? माही वाकली."

त्यानं मले ओळखलंच नाई! तीन वर्षं मी ह्याले रोज शिव्या देल्ल्या अन् ह्याच्या ध्यानातही मी नाई! कोपर मोडलं तेव्हाही माह्या अंगाचा असा भडका उडाला नव्हता. टामी घेऊन उतरलो. आजूबाजूले कुत्रं नव्हतं. टामी उजव्या हातात असती तर मी आज हे सांगाले बाहेर नसतो. पण वाटलं, आधी ह्यानं ओळखलं पाह्यजे. न ओळखता मार खाल्ला तर ह्याले कळन कसं, मार कायचा हाय? म्हणून टामी डाव्या हातात घेतली अन् वाकड्या कोपरानं पुढं केली.

त्यानं हात पुढं केला. मंग कोपर पाह्यलं, मंग माहं तोंड. त्याचा हात तिथंच थांबला.

"घे ना," मी म्हटलं. "हत्यार थोडंच हाय? औजार हाय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कशीबशी टामी घेतली अन् चाकापाशी बसला. मी त्याच्या पाठीमागं रिकाम्या हातानं उभा राह्यलो. दहा नट होते. दर नटाले तो मान वळवून पाहे. एकदा पाना सटकला तर दोन्ही हातांनी डोकं झाकलं त्यानं. "भाऊ, चुकी झाली," म्हणे, "घरी लेकरं हायेत." मी म्हटलं, "नट कस."

स्टेपनी बसल्यावर त्यानं टामी दोन्ही हातांवर ठेवून माह्यापुढं धरली अन् डोळे मिटले. मी ती उजव्या हातानं उचलली. तो घामाघूम, डावा हात पोटाशी लपवलेला. तसाच उभा ठेवला त्याले, बराच वेळ. मंग गाडीत चढलो अन् त्याचे डोळे मिटलेलेच असताना निघालो.

धाब्यावरचे म्हणतात, मोठ्या मनाचा माणूस, माफ केलं. माफ केलं म्हणे! मले त्याचा भेव पाहाचा होता, तो पोटभर पाह्यला. अजूनही आठवला की जेवण गोड लागते.

दसऱ्याले कट्यारीच्या मोकळ्या जागी मी टामी ठेवली अन् याडीले सगळं सांगतलं. तिचा कुंकवाचा हात थांबला. "अरे लेका, टामी त्याच्या हातात अन् तू रिकामा. फिरून हाणली असती त्यानं तर?"

खरं सांगतो, हे मले तोवर सुचलंच नव्हतं.

"त्यालेही नाई सुचलं, याडी," मी म्हटलं.

ती हासली नाई. टामी पाटावरून उचलून तिनं खाली ठेवली, कट्यारीची जागा पुन्हा मोकळी केली, अन् बोटाले लागलेलं कुंकू माह्या वाकड्या कोपराले लावलं.