विमानं आली असती तर

इथे आखातात अल नहदा भागातल्या बेकरीत तीळ आणि झातर मसाल्याचा वास आला की मला अल क्वोजच्या आमच्या गोदामातली जेवणाची सुट्टी आठवते. सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही तिघं एका टेबलावर जेवायचो: मी, स्टोअरमधला एक सीरियन आणि नुकताच कामावर लागलेला लिबियन ड्रायव्हर. सीरियनचा धाकटा भाऊ तिकडच्या उठावात, मोर्च्यावरच्या गोळीबारात गेला होता. जेवताना तो रोज एकच गोष्ट सांगायचा, की परदेशी विमानं वेळेवर आली असती तर सरकार महिन्याभरात पडलं असतं, तो गोळीबार झालाच नसता आणि भाऊ दातांचा डॉक्टर झाला असता. रोज त्यात नवी भर पडायची. त्या दिवशी गोष्टीतल्या भावाला मुलगी झाली होती. लिबियन ड्रायव्हरने हातातला खुबूस रोटीचा तुकडा खाली ठेवला. मलाही कळावं म्हणून की काय, तो इंग्रजीतच म्हणाला, “हबीबी, आमच्याकडे विमानं आली. सरकारही पडलं. मग बंदूकवाले आपसात लढले, त्यात माझा भाऊ गेला.” सीरियनने आपला डबा त्याच्यापुढे सरकवला आणि एवढंच म्हणाला, “खा.” त्यानंतर ती गोष्ट त्याने पुन्हा कधी सांगितली नाही. रोजचं ऐकणं टळलं म्हणून तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, त्या गोष्टीत त्याचा भाऊ रोज जेवणापुरता तरी जिवंत असायचा.