रंगाऱ्याने रंगवलेली खोली

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती मेणात दात बसवायची. ओळखीचे सगळे तिला दातवालीच म्हणत. वय चौतीस, राहायला एकटीची खोली, दोन गल्ल्या पलीकडे भाऊ-वहिनी. कारखान्याच्या भिंती रंगवायला आलेल्या रंगाऱ्याशी तिचं जुळलं, तेव्हा वहिनीलाच जास्त आनंद झाला.

रंगाऱ्याने कधी आवाज चढवला नाही. उलट तो तिच्यासाठी एकेक गोष्ट सोडत गेला. आधी मित्र, मग बाहेरगावची कामं. दुपारपासून कारखान्याच्या पायरीवर तिची वाट बघत बसायचा. तुझ्याशिवाय मला आहेच कोण, असं म्हणायचा. सुरुवातीला ती लाजायची. पुढे पुढे ते ऐकलं की ती विषय बदलायची. तिलाही तो आवडायचा, पण तेवढा नाही. हे त्याला कळलं तर काय, या धास्तीने ती आणखीच गोड बोलायची. वहिनीपाशी विषय काढला, तर तुला सुख बोचतंय म्हणून तिनेच झापलं.

एका संध्याकाळी ती घरी आली तर कुलूप काढलेलं. आत ओल्या रंगाचा वास, भिंती फिक्या निळ्या, पलंग खिडकीपाशी सरकवलेला, तिचे कपडे घड्या घालून नव्या क्रमाने लावलेले. मधोमध रंगारी हसत उभा. दुसरी किल्ली मागेच करून घेतली होती, म्हणाला.

"आवडलं ना?"

"छान आहे," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. याला नाही म्हणायची आपली हिंमतच उरलेली नाही, हे तिच्या लक्षात आलं. तो गेल्यावर तिने पलंग ओढून दाराला लावला.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातून दात तिरपेच बसू लागले. मालकीणबाईंनी विचारलं तशी ती सगळं सांगून बसली. बाईंनी उपदेश केला नाही. त्याला इथेच बोलाव, मी शेजारच्या टेबलावर आहे, एवढंच म्हणाल्या.

तो आला. तिने हात मांडीखाली दाबून धरले.

"मला हे पुढे न्यायचं नाही. किल्ली दे."

"मी काय वाईट केलं, ते तरी सांग."

"मला तुझी भीती वाटते."

 किल्ली टेबलावर ठेवून तो निघून गेला.

ती भावाकडे राहायला गेली, खोलीचं कुलूप बदललं. रंगारी रोज भावाच्या घरासमोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही, जवळ यायचा नाही. एका दुपारी वहिनीने त्याला खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. त्या दिवसापासून वहिनीच तिला कारखान्यापर्यंत सोडायला जाऊ लागली.

पुढे त्याने बाहेरगावचं काम धरलं आणि फुटपाथ रिकामा झाला. ती आपल्या खोलीत परतली. चुकलं असं वाटतं का, असं वहिनीने एकदा विचारलं. ती नाही म्हणाली. पण जिन्यात कुणाची पावलं वाजली, की ती दारावरून पुढे जाईपर्यंत तिचा श्वास अजून अडकतो.