दाढीला बसा, डॉक्टर!

त्या सलूनवाल्या काकांना सगळी गल्ली फौजदार म्हणायची, कारण गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासून उलटतपासणी घेतल्याशिवाय त्यांचा वस्तरा पुढे सरकत नसे. "सर्दी झालीय म्हणता? मग काल थंडगार सरबत कोण पीत होतं?" आणि दुकानाचं लोखंडी शटर कोसळलं ते नेमकं त्यांच्याच उजव्या हातावर! हाडं जुळली, प्लास्टर निघालं, बोटं मात्र लाकडासारखी ताठ.

मग काय, संशयाला ऊतच आला. दुकान सांभाळणारा मेव्हणा म्हणे, "दाजी, घाई नका करू, मी आहे ना!" आहेस रे बाबा, पण माझ्या खुर्चीत किती ऐसपैस बसलायस! बायको म्हणे, "आज छान वळतोय हो हात." हिला कोणी पढवलं? आणि तो फिजिओथेरपीचा पोरगेलासा डॉक्टर एकेक बोट असं वाकवी की फौजदारांचा जीव कळवळे, वर हसून म्हणे, "वा! मस्त प्रगती!" हात कायमचा गेलाय आणि सगळे मिळून आपल्यापासून लपवताहेत, अशी त्यांची खात्रीच झाली. वस्तऱ्याशिवाय दुसरं येत काय होतं त्यांना?

एके सकाळी ते वस्तरा खिशात घालूनच उपचाराला गेले. रोजच्या व्यायामाचे कपड्यांचे चिमटे उचलले, टॉवेल पिळला. डॉक्टरने "वा!" म्हणताच त्यांनी पातं उघडलं.

"मस्त प्रगती ना? मग बसा. दाढी करतो तुमची."

शेजारी दुखरा गुडघा धरून बसलेल्या आजी ताडकन उभ्या राहिल्या. डॉक्टर थरथरत्या पात्याकडे बघत होता.

"नाही बसणार," तो म्हणाला. "अंगठ्यात जोर नाही अजून. गळा कापाल माझा."

"मग रोज वा वा कशाला?"

"तुम्ही यायचं सोडून द्याल म्हणून. हात सुधारेल, काका. पण वस्तरा पहिल्यासारखा धराल की नाही, मला खरंच माहीत नाही."

फौजदारांनी त्याचा चेहरा निरखला. लबाडी ओळखण्यात त्यांची हयात गेली होती, आणि इथे ती औषधालाही सापडेना. संशय घ्यायला कोणीच उरलं नाही, तेव्हा त्यांना रडू फुटलं. बराच वेळ रडले. मग वस्तरा मिटून टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला.

"वाकवा," ते म्हणाले. "पण वा वा नको."