मुल्की व्हायला निघालेला जावई

निजामाच्या राज्यात मी परदेशी होतो. माझं गाव सोलापूरकडचं, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातलं. ज्वारी तीच, माशा त्याच, भाषाही तीच. तरी मी गैरमुल्की! उमरग्याच्या शाळेत मी हंगामी मास्तर होतो आणि कायम व्हायचं तर मुल्की, म्हणजे इथलाच, असल्याचा दाखला हवा होता. नाही आणला तर जागा गेली, असं हेडमास्तरांनी मला चहासुद्धा न विचारता सांगून टाकलं.

दाखल्यासाठी एक तर वर्षानुवर्षं इथं राहिलेलं असावं लागे, नाही तर बाप इथला असावा लागे. माझा बाप धडधाकट होता आणि इंग्रजी मुलखात तंबाखू चोळत बसला होता. पण माझे सासरे माकणीचे, पक्के मुल्की, आणि अकलेचा तर नुसता पूर!

"त्यात काय अवघड हाय, जावईबापू? तुमी माझ्या धाकल्या भावाचं पोरगं, असं लिवू."

"पण तुम्हाला भाऊच नाही."

"म्हणूनच! न्हाय म्हणायला येणार कोण?"

मी शिकलेला माणूस. मला हे पटलं!

सासऱ्यांनी त्या भावाला नाव दिलं, पटकीत मारलं (आणि सांगताना खरोखर डोळे पुसले), आणि मी उर्दूत अर्ज लिहवून घेतला. चौकशीला तहसिलातले गिरदावरसाहेब घोड्यावरून माकणीत आले. सरकारी माणूस म्हणजे फुकटचा तमाशा, त्यामुळे सासऱ्यांच्या ओसरीवर अर्धं गाव जमलं.

"ये लड़का कौन?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या धाकल्या भावाचं, हुजूर. ह्याच घरात जलमलं, माझ्या मांडीवर वाढलं."

"शादी हुई?"

इथं सासऱ्यांनी गप्प बसायचं होतं. पण छाती फुगली ना! "व्हय हुजूर! माझीच लेक दिलीया."

"माशाल्ला! घर की बेटी घर में रही. हमारे यहाँ भी ऐसाच होता." साहेब खूश झाले आणि त्यांनी शिक्का काढला.

त्यांच्यात चुलतबहीण करतात. आमच्यात नुसतं तसं म्हटलं तरी भावकी पाणी तोडते. हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं! ओसरीवरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. आणि माझ्यासमोर आजवर मोठ्यानं बोलल्यासुद्धा नव्हत्या त्या सासूबाई पदर सावरत थेट साहेबांपुढं आल्या.

"चुलतभावाला लेक दिली म्या? धाकल्या दोघींची लग्नं व्हायचीत माझ्या, कोण करंल त्यास्नी? ह्यो मानूस इंग्रजी मुलखातला हाय! ह्येचा बाप जित्ता हाय. लग्नात जिलबीवरनं रुसला हुता!"

"व्हय व्हय," गाव ओरडलं, "लई रुसला हुता!" वऱ्हाड कुठल्या वाटेनं आलं, नवरदेव गाडीतून कसा पडला, सगळं निघालं. मला मुल्की ठरवायला एक साक्षीदार मिळत नव्हता, आणि गैरमुल्की ठरवायला ओसरी पुरेना!

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडातून निघालं, "जिलबी कच्ची होती."

शिक्का पेटीत परत गेला. साहेब इतके हसत होते की माझ्यावर खटला भरायचं विसरले, तेवढंच नशीब.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "चुलता कशाला काढला? आत्याचं पोरगं म्हणायचं, मामाच्या घरी वाढलेलं. आत्याच्या पोराला लेक दिली तर कोण काय म्हणतंय?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आदी मला इचारलं हुतं का?"

जागा गेली. मी एका आडतीत तुरीच्या पोत्यांपाशी उभा राहू लागलो. तिथं बाप कुठला, हे कुणी विचारत नव्हतं. पुढं निजामाचं राज्यच गेलं आणि कुठलाही अर्ज न करता मी इथला झालो. सासूबाईंनी मात्र धोका पत्करला नाही. अजूनही दिवाळीला गेलो आणि ओसरीवर चार माणसं दिसली की त्या मुद्दाम मोठ्यानं विचारतात, "जावईबापू, तुमच्या इंग्रजी मुलखात औंदा पाऊस कसा हाय?"

आणि मी, इतकी वर्षं उमरग्यात राहणारा, मुकाट्यानं सांगतो, "बरा आहे."