उभ्याने द्यायचा चार्ज

बॅटरीवाल्याच्या दुकानात ‘चार्ज’ म्हणजे रात्रभर हळूहळू भरायचा जीव. बँकेत तोच शब्द खिसा हलका करायचा, आणि वकील मेहुण्याच्या तोंडून आला की कोणाची तरी झोप उडायची. बॅटरीवाल्याच्या बायकोच्या लेखी मात्र चार्ज म्हणजे माणसं. ती इस्पितळात नर्स. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला वॉर्ड सोपवते, तो चार्ज. बाकीच्या जणी तो टेबलाशी बसून, चहाच्या घोटाबरोबर देत. ही प्रत्येक पलंगाशी उभी राहून देई.

घरीही तेच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ड्यूटीला निघण्याआधी ती नवऱ्याला त्यांच्या उशाशी उभं करी. कूस कधी बदलायची, कुठली टाच लाल झालीय, सगळं त्यांच्या देखत सांगे.

“मी गेले का गं, माझ्यासमोर माझीच चर्चा?”

“आहात म्हणून तर समोर, आई. हे विसरले तर कान धरा यांचा.”

आई खरंच धरीत.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी बॅटरीवाला इस्त्रीचा सदरा घालून तिला आणायला गेला. निरोपाला जमलेली मंडळी हॉलमध्ये ताटकळत होती. वॉर्ड घ्यायचा होता घाईबाईने. त्या सिस्टरला सगळे याच नावाने हाक मारत, आणि तीही ओ देई.

“सही करा आणि सुटा, ताई. तुमचा चार्ज म्हणजे दारात उभ्या पाहुण्यांच्या गप्पा. संपता संपत नाहीत.”

“आज फिर माझ्याबरोबर. उद्यापासून तुझं राज्य.”

बॅटरीवाला वॉर्डच्या दारातच थांबला. बायकोला घोर होता तो एवढाच, हे त्याला ठाऊक होतं. आपल्यामागे ही माणसं टेबलावरूनच सोपवली जाणार.

घाईबाई नुसती मान हलवत चालली होती. दोघी खिडकीजवळच्या म्हाताऱ्या सुतारापाशी आल्या.

“यांना उजव्या कुशीवर बरं वाटतं,” बायको म्हणाली.

“डाव्या,” सुतार म्हणाला. “काल टाके काढल्यापासून डाव्या.”

वॉर्डात तिचं चुकलेलं बॅटरीवाल्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याचाच चेहरा पडला. ती मात्र घाईबाईकडे वळून हसली.

“बघ. टेबलाशी बसलो असतो तर माझी चूक तुझ्या गळ्यात पडली असती. आणि तुझ्याकडून यांच्या.”

घाईबाईने पेन खिशात खोचलं. पलंगाच्या कडेला हात टेकून ती वाकली. “बाबा, आणखी काय बदललंय? सांगा बघू.”

सुताराकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पुढच्या पलंगाशी घाईबाई आधी पोचली, आणि पेशंटला तिनेच विचारायला सुरुवात केली. बायको तिच्यामागून सावकाश चालू लागली, हात मागे बांधून.

हॉलमधून बोलवायला शिपाई आला. बॅटरीवाल्याने त्याला दारातच अडवलं.

“थांबावं लागेल,” तो म्हणाला, जणू वॉर्ड त्याच्याच मालकीचा होता. “आत्ता कुठे अर्ध्यावर आल्यात.”